बीएस्सी नर्सिंगनंतर एलएलबी करून हॉस्पिटल कम्प्लायन्समध्ये (नियमपालनाच्या कामात) जाता येईल का? (सांगली-मिरज)

आयसीयू_मिरज

नमस्कार. मी मिरजेत एका खाजगी हॉस्पिटलमध्ये आयसीयू इन्चार्ज आहे. बीएस्सी नर्सिंग, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू, वय 34. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला असतात, मुलगा तिसरीत आहे. सासूबाई घरी आहेत म्हणून माझी नाईट निभावते.

आमच्याकडे एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी सुरू झाली तेव्हापासून कागदाचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. संमतीपत्रं तपासायची, बायोमेडिकल वेस्टचं रजिस्टर बघायचं, मॉर्फिन आणि फेंटानिलच्या कपाटाच्या किल्ल्या आणि हिशेब सांभाळायचा, एमएलसीची (पोलीस केसची) कागदं पोलिसांना देताना पोच घ्यायची. बाकीच्या सिस्टर्स या कामाला कंटाळतात, मला ते आवडतं. बाहेरून आलेल्या कन्सल्टंटनी जे प्रोटोकॉल दिले होते त्यात आमच्याकडे नसलेल्या मशीनची नावं होती. मी ते सगळे आमच्या वॉर्डाच्या पद्धतीप्रमाणे पुन्हा लिहून काढले आणि असेसमेंटला तेच चालले.

दुसरं कारण मनातलं आहे. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत 10 बाळं गेली, गुन्हा नर्सेसवर दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या सिव्हिलला आयसीयूत आग लागून 11 रुग्ण गेले आणि अटक झाली त्यातही स्टाफ नर्स होत्या. वायरिंग कसलं आहे, फायर ऑडिट झालं का, एका सिस्टरकडे किती पेशंट, यातलं काहीच ड्युटीवरच्या बाईच्या हातात नसतं. हे जिथे आधी ठरतं त्या टेबलावर मला बसायचं आहे.

म्हणून एलएलबी करावं असं डोक्यात आहे. ड्युटी करत सांगलीत ते जमतं का? वकिलीची सनद घ्यावीच लागते का? एक मैत्रीण आयर्लंडला आहे, ती म्हणते परदेशात लीगल नर्स कन्सल्टंट म्हणून नोकऱ्या असतात. आपल्याकडे असं काही आहे का, की पुण्यालाच जावं लागेल? आणि वॉर्डातली इतकी वर्षं धरली जातात की परत पहिल्या पायरीपासून? घरात म्हणतात, या वयात कायदा कशाला. कोणी या वाटेने गेलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

वकील_राजवाडा

ताई, मी सांगलीत वकिली करतो. कॉलेज आणि सनदेपुरतं सांगतो, हॉस्पिटलचं आतलं दुसऱ्या कुणीतरी सांगावं.

बीएस्सी नर्सिंग ही पदवी आहे, त्यामुळे तीन वर्षांच्या एलएलबीला तुम्ही पात्र आहात. पदवीला खुल्या गटाला 45 टक्के लागतात, ओबीसीला 42, एससी-एसटीला 40. राज्याची सीईटी द्यावी लागते. वयाची अट नाही. सांगलीत भारती विद्यापीठाचं न्यू लॉ कॉलेज आहे, सोटी लॉ कॉलेज आहे. साताऱ्याला रयतचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आणि कोल्हापूरला शहाजी, पण आयसीयूची ड्युटी करून मिरजेहून तिकडे रोजचं येणंजाणं मी तरी सुचवणार नाही.

खरी अडचण हजेरीची. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी आहे आणि वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळात घ्यायचे आहेत. पूर्वीसारखं रात्रीचं लॉ कॉलेज आता विसरा. सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकापासून नोकरी करत असाल तर ते जाहीर करावं लागतं आणि मालकाचं ना हरकत पत्र लागतं, बायोमेट्रिक हजेरीचंही त्यात आहे. "फी भरा, हजेरीचं आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं तर तिथे पाय ठेवू नका. उद्या तुम्हाला दुसऱ्यांच्या रजिस्टरच्या खरेपणावर सही करायची आहे, तुमची स्वतःची पदवी खोट्या हजेरीवर उभी नसावी.

सनदेचं. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम 49. म्हणजे हॉस्पिटलच्या पगारावर कम्प्लायन्स बघणार असाल तर सनद घेऊन बसता येणार नाही. घ्यायची असेल तर ती नोकरी सोडून आणि नावनोंदणीनंतर दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावी लागते. नोंदणीची फी आता भरमसाट नाही. सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये सांगितलं की खुल्या गटाला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांच्या वर घेता येणार नाहीत. तेव्हा कॉलेज शोधण्याच्या आधी हे ठरवा की तुम्हाला कोर्टात उभं राहायचं आहे का हॉस्पिटलच्या आत बसायचं आहे. दोन्ही चांगलं आहे, पण दोन्ही एका वेळी नाही.

सिस्टर_कराड

वकीलसाहेबांनी मुळाचं सांगितलं. मी आतलं सांगते, कारण मी याच वाटेने आले. लेबर रूम, मग सर्जिकल वॉर्ड, मग ओटी, अशी बरीच वर्षं स्टाफ नर्स होते. साताऱ्याला एलएलबी केलं, सनद घेतली नाही. आता कराड भागातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मेडिकोलीगल आणि कम्प्लायन्सचं काम बघते. लांबलचक लिहिणार आहे, सवडीने वाचा.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं, वर्षं धरली जातात का. पगाराच्या स्लिपवर सुरुवातीला नाही. क्वालिटी विभागात गेलात तर पहिली एक-दोन वर्षं इन्चार्ज सिस्टरइतकाच पगार मिळेल, नाईट अलाउन्स जाईल तो वेगळा. पण कामात तुमचा एक दिवसही फुकट जात नाही. हे काम करणारे जे नुसते एमबीए किंवा नुसते वकील असतात त्यांना केसपेपर वाचता येत नाही. टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर पहाटे 4 चा बीपी आहे आणि नर्सेस नोटमध्ये 4 वाजता पेशंट एक्स-रेला गेल्याचं लिहिलंय, ही गोष्ट तुमच्या डोळ्याला लगेच खुपते, त्यांच्या डोळ्याला दिसतच नाही. ग्राहक आयोगात समोरचा वकील नेमकी तीच ओळ काढतो.

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं. तेव्हापासून आपली नोट ही पुरावा आहे. त्यातही 1998 चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल प्रत्येक नर्सने वाचावा असं मला वाटतं. टायफॉइडचं लहान बाळ दाखल होतं. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिन हे अँटिबायोटिक लिहिलं होतं, सिस्टरने वडिलांना लॅरियागो हे मलेरियाचं औषध आणायला सांगितलं आणि ते शिरेतून दिलं. बाळ कोसळलं, मेंदूला कायमची इजा झाली. बातमीत ही "नर्सची चूक" म्हणून संपते. कम्प्लायन्सच्या नजरेने वाचलं की दिसतं, त्या मुलीची कौन्सिलला नोंदणीच नव्हती. तिला इंजेक्शनच्या ट्रॉलीपाशी कोणी उभं केलं? भरपाई हॉस्पिटलवर बसली ती याचसाठी. म्हणून माझ्याकडे नवीन सिस्टर जॉइन होते त्या दिवशी तिचं रजिस्ट्रेशन आणि नूतनीकरणाची तारीख मी स्वतः बघते, मग ती कोणाच्याही ओळखीने आलेली असो.

तुम्ही नगरचं लिहिलंत, म्हणून हेही सांगते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. हलगर्जीपणाने मृत्यू, कलम 106. यात नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना असं झालं तर शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि इतर कोणाकडूनही झालं तर पाच वर्षांपर्यंत. डॉक्टर म्हणजे ज्याचं नाव मेडिकल रजिस्टरमध्ये आहे तो, असं तिथेच स्पष्ट केलंय. नर्सचं नाव मेडिकल रजिस्टरमध्ये नसतं. म्हणजे त्याच टेबलाभोवती उभ्या असलेल्या दोघांपैकी जिच्या हातात कमी अधिकार आहेत तिला जास्त शिक्षा होऊ शकते. हे मी माझ्या प्रत्येक इंडक्शनमध्ये सांगते. मुली गप्प होतात, पण नोट लिहायला शिकतात. "डॉक्टरांना कळवलं" एवढंच लिहायचं नाही. कोणत्या डॉक्टरांना, किती वाजता, फोनवर की समक्ष, त्यांनी काय सांगितलं, हे सगळं लिहायचं.

आता संमतीपत्र. आपल्या भागातलं हे सगळ्यात दुखरं काम आहे. 2008 चा समीरा कोहली निकाल आहे. बाई तपासणीच्या दुर्बिणीसाठी टेबलावर होत्या, भूल दिलेली असताना त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान माणसाच्या ऐवजी दुसऱ्याची सही चालत नाही आणि तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नाही. आता तुमच्या मिरजेत या. अथणी, चिकोडी, जत, विजापूर इथून पेशंट येतात. सही सकाळी सहाला, प्रीऑपची गडबड चाललेली असताना, कोण घेतं? आपण. फॉर्म इंग्रजीत, बाई कन्नड बोलणारी, सोबत आलेला दीर थोडं मराठी जाणतो आणि "करा करा" म्हणतो. ती सही कायद्यात टिकत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाईला आपल्या पोटाचं काय होणार आहे हे माहीत नसतं. आमच्याकडे मी कन्नड फॉर्म करून घेतले आणि कन्नड बोलणाऱ्या दोन सिस्टर्स आणि एका वॉर्डबॉयची यादी ओटीच्या भिंतीवर लावली. समजावून सांगणाऱ्याची सही वेगळी आणि वेळ वेगळी. सर्जन आधी कुरकुरले, कारण ऑपरेशनची यादी पुढेमागे होते. एमएसनी (मेडिकल सुपरिंटेंडंटनी) माझी बाजू घेतली. ज्या हॉस्पिटलात एमएस अशी बाजू घेणार नाहीत तिथे हे काम घेऊ नका.

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीचा कायदा, तर सांगली जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नकोच. मार्च 2017 मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी 19 भ्रूण सापडले, ते गाव तुमच्यापासून किती लांब? त्यामुळे फॉर्म एफ (सोनोग्राफीची नोंद) भरणं हे मी क्लार्कचं काम मानत नाही. या कायद्यात नोंदीतली उणीव हाच गुन्हा धरला जातो, तसं नाही हे डॉक्टरांनी सिद्ध करायचं. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं होतं, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं. मला विचाराल तर बरोबर केलं. ज्या गुन्ह्याचा एकमेव साक्षीदार कागद असतो, तिथे कागद मोकळा सोडणाऱ्याला सूट देता येत नाही. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत जायला हवा. तो तयार करताना मी फॉर्म नुसते मोजत नाही. सोनोग्राफीचं कारण, रेफर करणाऱ्याची चिठ्ठी आणि पेशंटने सांगितलेली आधीची मुलं, हे एकमेकांशी जुळतं का ते बघते. लेबर रूममध्ये काम केलेल्या बाईला यातला खोटेपणा वासाने कळतो.

आणि एक प्रसंग असा जिथे नर्स आणि कायदा दोन्ही एकाच माणसात असावे लागतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, आई सोबत, गर्भपातासाठी. पॉक्सोचं (बाल लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं) कलम 19 सांगतं, पोलिसांना कळवा. एमटीपी (गर्भपाताचा) कायदा सांगतो, नाव गुप्त ठेवा, फोडलं तर एक वर्षापर्यंत कैद. पूर्वी अशा वेळी आई घाबरून मुलीला घेऊन निघून जायची आणि नंतर ती मुलगी कुठे, कोणाच्या हातात पडली ते आपल्याला कळायचंही नाही. सप्टेंबर 2022 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने मार्ग दिला: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. हे ज्या क्षणी आईला शांतपणे, बाजूला घेऊन सांगता येतं त्या क्षणी ती थांबते. हा निकाल वकिलाला माहीत असतो, पण ती खोलीत असते तेव्हा वकील खोलीत नसतो.

बाकीचं काम कॅलेंडरचं आहे, ते पटकन सांगते. बायोमेडिकल वेस्टचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत. प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांच्या वर ठेवायचा नाही. फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारीत आणि जुलैत. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन दर तीन वर्षांनी. एमटीपीचं रजिस्टर 5 वर्षं, इनडोअर केसपेपर किमान 3 वर्षं जपायचे, एमएलसीचे खटला संपेपर्यंत. पेशंटने कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे. नातेवाईक भांडायला आले म्हणून फाइल लपवणारी हॉस्पिटलं पुढे जास्त अडकतात. आमच्यासारख्या ट्रस्टला 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, बिलाच्या 2 टक्के निर्धन रुग्णांच्या फंडात. तिथे वॉर्डात मी हट्टाने फिरते, कारण ज्याला मिळायला हवं त्याला रेशनकार्ड कुठे दाखवायचं हेच माहीत नसतं. आणि आता डिजिटल वैयक्तिक माहितीचा 2023 चा कायदा, तो पेशंटच्या माहितीलाही लागू. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, बहुतेक बंधनं दीड वर्षाने म्हणजे 2027 मध्ये लागू होतील. वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावासकट ईसीजी टाकायची सवय आत्तापासून मोडा.

परदेशाचं. अमेरिकेत लीगल नर्स कन्सल्टंट हा वेगळा पेशा आहे, त्यांची संघटना 1989 पासून आहे. लॉ फर्मसाठी केसपेपर वाचून त्याचा सार काढणं, त्रुटी दाखवणं हे त्यांचं काम. तिथला गोपनीयतेचा कायदा, विम्याचे कायदे वेगळे, त्यामुळे तिथली ऑनलाइन सर्टिफिकेटं घेऊन सांगलीत कोणी दारात उभं करणार नाही. पैसे घालवू नका. आपल्याकडे जाहिरात या नावाने येत नाही. क्वालिटी मॅनेजर, एनएबीएच कोऑर्डिनेटर, इन्फेक्शन कंट्रोल नर्स, एमआरडी (रेकॉर्ड विभाग) इन्चार्ज, मेडिकोलीगल ऑफिसर अशा नावांनी येते.

माझा सल्ला: उद्या उठून सीईटीचा फॉर्म भरू नका. आधी बेडसाइड सोडून इन्फेक्शन कंट्रोल किंवा क्वालिटीत एक वर्ष पूर्ण करा. दिवसपाळी मिळते, घरालाही बरं. त्याच वर्षात मेडिकल लॉचा एक डिप्लोमा दूरशिक्षणाने करा. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलचा मेडिकल लॉ अँड एथिक्सचा आहे, पुण्याच्या सिम्बायोसिसचा मेडिकोलीगल सिस्टिम्सचा आहे. निकाल वाचताना रात्रीचे बारा वाजले तरी पुस्तक मिटवत नाही असं झालं, तर एलएलबीला बसा. नाहीतर डिप्लोम्यावरही हॉस्पिटलातलं काम उत्तम होतं.

डॉक्टर_विटा

कराडच्या सिस्टरांचं वाचून राहवलं नाही. विट्यात माझं 25 खाटांचं हॉस्पिटल आहे. माझ्यासारख्याला पूर्णवेळ कम्प्लायन्स ऑफिसर परवडत नाही, पण कायदा मला खाटा मोजून सूट देत नाही. 2021 मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले. दरपत्रक लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, तक्रारीची व्यवस्था करा. फायर, प्रदूषण मंडळ, सोनोग्राफी, एक्स-रे, फार्मसी हे सगळं मी ओपीडी संपल्यावर रात्री बघतो आणि दरवेळी काहीतरी शेवटच्या आठवड्यात येतं.

आमच्या विटा, तासगाव, पलूस भागात अशी कितीतरी छोटी हॉस्पिटलं आहेत. कोणी जाणकार सिस्टर महिन्यातून दोन दिवस येऊन रजिस्टरं तपासून, स्टाफला शिकवून गेली, तर पाच-सहा जण मिळून आम्ही तिला चांगला मोबदला देऊ. पुण्याला जायची गरज नाही. फक्त एक मत वेगळं आहे. यासाठी एलएलबीची तीन वर्षं घालवायची गरज मला दिसत नाही. मला कोर्टात लढणारा नको, चुकण्याआधी हात धरणारा हवा.

सिस्टर_कराड

डॉक्टरसाहेब, तुम्ही हात धरू देणारे आहात म्हणून तुम्हाला असं वाटतं. मी वॉर्डात असतानाही हेच सांगायची, "सर, ही सही आत्ता चालणार नाही." तेव्हा ऐकून घेणारे थोडे होते. तीच मी, तेच वाक्य, पण कलम सांगून आणि लेखी दिल्यावर थांबणारे जास्त झाले. नर्सचं ऐकायची आपल्याकडे सवय नाही. ती लागेपर्यंत पदवीचा आधार लागतो. शिवाय एलएलबीत पुरावा कायदा शिकल्याने एक गोष्ट पक्की झाली की दुरुस्ती कशी करायची. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, एक आडवी रेघ, शेजारी सही, तारीख, वेळ. चार्ट नंतर "नीट" लिहून काढा असं कोणी सांगितलं तर नाही म्हणायचं आणि का नाही तेही सांगता यायला हवं.

महिन्यातून दोन दिवसांची तुमची कल्पना मात्र उत्तम आहे. तिथे सनदेची आडकाठी येते का हे वकीलसाहेबांनी सांगावं.

वकील_राजवाडा

नियम 49 पूर्णवेळ पगारी नोकरीसाठी आहे. फी घेऊन चार-पाच हॉस्पिटलांना सल्ला देणं ही वकिलीच आहे, सनद ठेवून करता येतं. ताईंना हाही एक रस्ता आहे. सल्ला विट्याला आणि ग्राहक आयोगातल्या तारखा सांगलीला. फक्त ज्या हॉस्पिटलला सल्ला देता त्याच्याविरुद्धची केस घेता येणार नाही.

जत_जीएनएम

ताई, मी जतला आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, पदवी नाही. बारावीनंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए करतेय. मला एलएलबीला बसता येईल का? आणि कन्नडचं वाचून बरं वाटलं, माझी मातृभाषा कन्नडच आहे.

वकील_राजवाडा

जीएनएम डिप्लोमा असल्याने नुसत्या त्यावर नाही. बारावी रीतसर पास होऊन मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर ती चालते. बारावी न करता थेट पदवीला बसलेल्यांची चालत नाही. तुमचं पहिल्या प्रकारात आहे, बीए पूर्ण करा. दोन रेग्युलर कोर्स मात्र एकाच वेळी करू नका.

सिस्टर_कराड

जतच्या ताई, मराठी आणि कन्नड दोन्ही येणारी नर्स मिरज-सांगलीच्या कोणत्याही मोठ्या हॉस्पिटलला संमती आणि तक्रार निवारणासाठी हवीच आहे. आजच तुमच्या इन्चार्जला सांगा की प्रीऑपचं समजावणं मी करीन. एलएलबीची वाट बघू नका.

आयसीयू_मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना पूर्ण धागा वाचून दाखवला. 106 कलमाचं ऐकून ते म्हणाले, मग तू शिकच. सध्या असं ठरवतेय: कोर्टाचं नाही, हॉस्पिटलच्या आतलंच. आमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलची जागा रिकामी होतेय, त्यासाठी अर्ज देते आणि डिप्लोम्याचं बघते. एलएलबीचं पुढच्या वर्षी, तेही मॅनेजमेंटने लेखी ना हरकत दिली तरच.

सिस्टर, एक विचारायचं होतं. मुलाखतीला बोलावतील तेव्हा मी काय मागून घेऊ? पगाराचं सोडून.

सिस्टर_कराड

चार गोष्टी, आणि चारही ऑर्डरमध्ये लेखी. पहिली, तुमचं रिपोर्टिंग एमएस किंवा मेडिकल डायरेक्टरकडे असू दे. बिलिंग किंवा मार्केटिंगच्या माणसाच्या हाताखाली हे काम होत नाही, कारण तुम्ही ज्याला नाही म्हणणार तोच तुमचं मूल्यमापन करणार. दुसरी, कोणत्याही वॉर्डात, ओटीत, सोनोग्राफी रूममध्ये न कळवता जायचा आणि कोणतंही रजिस्टर बघायचा अधिकार. तिसरी, स्टाफ कमी पडला की "तेवढी एक नाईट आयसीयूत करा" असं होणार नाही. हे नक्की होतं, आणि आयसीयूची तुम्ही असल्याने तुमच्यावर पहिलं येईल. साथ किंवा मोठा अपघात असेल तर जावं, एरवी नाही. चौथी, तुम्ही दिलेल्या प्रत्येक लेखी सूचनेवर सात दिवसांत उत्तर.

दुसरी आणि पहिली सोडू नका. तिसरीवर थोडी घासाघीस होईल. मुलाखत झाली की इथे लिहा, ऑर्डरचा मजकूर मी बघून देईन.